भेग कोणत्या दिवसाची?

तुम्ही कांचन उरकुडेला खोटारडी ठरवलंत. तिच्या समोर बसून, तिच्या डोळ्यांत पाहून तसं म्हणायची तुमची छाती झाली नाही, म्हणून ते काम एका यंत्राकडून करून घेतलंत. गाव तुम्ही उठवलंत. ट्रक तुम्ही पाठवलेत. रस्ता तुम्ही बांधलात, म्हणजे बांधला असं लिहिलंत. सामानाचा विमाही तुम्हीच सक्तीने गळ्यात बांधलात. आणि नुकसान झालं तेव्हा चोर शोधायला त्याच घरात शिरलात. आता काय झालं ते नीट ऐकून घ्या, कारण तुमच्या फायलीत ते तसं नाही.

मंदा उरकुडे ही कांचनची सासू. चंद्रपूरच्या बाजूला जुनी कोलारी नावाचं गाव होतं. गावाखाली कोळसा निघाला आणि खाण गावाच्या वेशीपर्यंत येऊन ठेपली. मग पुनर्वसन प्राधिकरणाने, म्हणजे तुम्ही, सगळं गाव उचलून नव्या कोलारीत नेऊन ठेवायचं ठरवलं. नव्या कोलारीच्या ओट्यावर बसलं की वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. इतक्या जवळ की वारा इकडचा असला तर दोरीवरची ओली धोतरं काळी होतात.

मंदाच्या घरात चार माणसं. नवरा वासुदेव, ज्याची फुप्फुसं कोळशाच्या रेल्वे सायडिंगवर वीस वर्षं काम करून निकामी झालेली. मुलगा निखिल, सून कांचन, आणि मंदा स्वतः. वासुदेवला रात्री झोपताना ऑक्सिजनचं मशीन लागायचं. मशीन महामारीच्या काळातलं, वरोऱ्याच्या एका डॉक्टरने जुनं म्हणून काढून टाकलेलं. आवाज पिठाच्या गिरणीसारखा, पण हवा चोख. रात्री लावायचं, सकाळी बंद करायचं. किती वर्षं झाली, त्या घरघरीशिवाय मंदाला झोपच येत नसे.

गाव उठलं त्या दिवशी प्राधिकरणाचे ट्रक आले. हमालांनी डब्बा टीव्ही, कुलर, मिक्सर, सगळं गाद्यांमध्ये कोंबलं. एकाने मशीनलाही हात घातला, तशी कांचन आडवी आली.

"याले हात नका लावू, भाऊ. हे माझ्या मांडीवर येईन."

"अवो ताई, चाळीस किलोमीटर हाय. मांडी राहीन का?"

"मांडी माही आहे ना? तुमी गाडी पाहा."

ती ट्रकच्या हौद्यात गादीवर बसली आणि मशीन लेकरासारखं पुढ्यात घेतलं. नव्या कोलारीच्या कमानीखाली, जिथे स्वागताचा फलक लावला होता, तिथेच रस्त्यात हातभर खोल खड्डा होता. ट्रक त्यात आदळला तेव्हा कांचनचा गुडघा फळीवर आपटून फुटला आणि मशीन तिच्या मांडीवरून उडून परत मांडीवर पडलं. मंदा केबिनमधून ओरडली, "लागलं का वं?" कांचन म्हणाली, "मले लागलं, मशीनले नाई."

तिचा अंदाज चुकला. मशीन सुरू झालं, पण आठवडाभर खोकत खोकत चाललं आणि एका सकाळी गप्प झालं. आरोग्य उपकेंद्रातून आठवड्याला एक सिलिंडर मिळू लागलं. तेव्हापासून वासुदेव हवा कंजुषीने घेऊ लागला. घुटकाभर घ्यायची, नळी बाजूला ठेवायची, भिंतीला टेकून बसायचं.

मंदाने विम्याचा दावा लावला. विमावाल्यांचा माणूस आला आणि त्याने बॅगेतून एक चपटी पेटी काढली. लोक त्या पेटीला ज्योतिषी म्हणत, कारण ती वस्तूची पत्रिका सांगायची, फक्त उलट्या बाजूने.

ज्योतिष्याचं शास्त्र खोटं नाही, हे आधी सांगून टाकतो. कोणत्याही इलेक्ट्रॉनिक वस्तूच्या पोटात एक हिरवी पाटी असते आणि तिच्यावरचे भाग सोल्डरिंगच्या थेंबांनी धरलेले असतात. वस्तू चालू झाली की पाटी तापते, बंद झाली की निवते. तापताना पाटी वेगळी फुगते, थेंब वेगळा फुगतो. त्या ओढाताणीत दर वेळी थेंबाच्या आत एक बारीक रेघ उमटते, झाडाच्या खोडात वलय उमटतं तशी. पूर्वी ही वलयं बघायला थेंब कापावा लागे. मग कोणीतरी माणसाला ऐकू न येणारा आवाज आत सोडून, त्याच्या प्रतिध्वनीवरून वलयं मोजायची युक्ती काढली. विमानाच्या पोटातला कोणता जोड दमलाय हे उडायच्या आधी कळावं, यासाठी ती होती. माणसं वाचवायची युक्ती ती. ती विमावाल्यांच्या हाती लागली आणि तिचा धंदाच बदलला.

थेंबाला भेग पडली की त्याच्यावरचा ताण बदलतो, आणि त्यानंतरची वलयं तिरपी उमटतात. तिरपी वलयं किती ते मोजायचं. घरातली वस्तू दिवसातून एकदा चालू-बंद होते असं धरायचं, बाकीची माहिती सरकारी नोंदींतून आपोआप येते, आणि भेग कोणत्या दिवशी पडली ते पेटी सांगते.

पेटीने आधी जुनी वलयं वाचली. एक वलय ओल धरून जाड झालं होतं; त्यावरून मागच्या पावसाळ्यात आठवडाभर मशीन बंद होतं, असं ती बोलली. वासुदेव तेव्हा चंद्रपूरला दवाखान्यात भरती होता. घरातले सगळे एकमेकांकडे पाहू लागले. हे तिला कोणी सांगितलं?

मग ती म्हणाली, भेगेनंतरची वलयं चाळीस. म्हणजे मशीन गप्प झालं त्या दिवसापासून चाळीस दिवस मागे; भेग गाव उठायच्या महिनाभर आधीची. वस्तू घरात, साधारण कमरेच्या उंचीवरून पडलेली असावी. स्थलांतराशी संबंध नाही.

"असं कसं?" मंदा म्हणाली. "खड्ड्यात आदळलं ते मी डोळ्यानं पाह्यलं."

विम्याचा माणूस पेटी बंद करत म्हणाला, "डोळे चुकतात मावशी. धातू नाही चुकत."

दुसऱ्या दिवशी विम्याकडून फोन आला. बोलणारी बाई म्हणजे यंत्राचा आवाज होता, पण बोलणं शुद्ध होतं. "आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. आपला दावा सध्या खोटा या वर्गात आहे. तो घरगुती निष्काळजीपणा या वर्गात हलवल्यास आपणास बदली यंत्र मिळू शकेल. त्यासाठी जबाबदार व्यक्तीचं नाव सांगा."

"कोणाचं नाव?"

"ज्या व्यक्तीच्या हातून वस्तू पडली तिचं."

"खड्ड्याचं नाव चालीन का?"

"क्षमस्व. व्यक्तीचं नाव सांगा."

मंदाने फोन आपटला. पण फोन आपटून प्रश्न आपटला जात नाही. घरात तो आता पाहुण्यासारखा येऊन बसला होता. गाव उठायच्या महिनाभर आधी मंदा बहिणीकडे लग्नाला गेली होती, निखिल खाणीवर ड्युटीला. घरात कांचन आणि वासुदेव दोघंच. त्याच रात्री वासुदेवला धाप लागली होती. हे सगळ्यांना आठवत होतं आणि कोणीच बोलत नव्हतं.

निखिल बोलला एकदाचा. जेवता जेवता, ताटाकडे पाहत. "कांचन, पडलं असन तर सांगून टाक ना. कोण मारते तुले?"

कांचनने पोळी तव्यावरून काढली, ती त्याच्या ताटात ठेवली, आणि गॅस बंद केला. "नाई पडलं."

"मंग मशीन खोटं बोलते का?"

"तुमी मशीनशी लग्न करा लागत होतं."

वासुदेव भिंतीला टेकलेला होता. त्याने नळी नाकाशी धरली, एक घुटका घेतला, आणि फार मऊ आवाजात म्हणाला, "पोरी, चूक कोणाच्याई हातून होते. मी काई मनात नाई ठेवणार."

त्या मऊपणाने कांचन मोडली. निखिलच्या टोमण्याने मोडली नव्हती. सासऱ्याने न केलेल्या गुन्ह्याची माफी दिली, आणि ती घ्यायची कशी हे तिला कळेना. ती आत गेली. थोड्या वेळाने मंदा आत गेली तर कांचन बॅग भरत होती.

"माहेरी चालली?"

"नाई. उद्या चंद्रपूरले जातो. त्यांच्या हापिसात जाऊन माहं नाव सांगून देतो. बाबाले हवा पायजे आई. सिलिंडर किती दिवस पुरते?"

मंदाला त्या नावाचा भाव माहीत होता. कांचनने दवाखान्यातल्या परिचारिकेचा अभ्यास पुरा केला होता. पुढच्या महिन्यात तिची नेमणूक होती. विम्याच्या यादीत ज्याच्या नावापुढे निष्काळजी असं लागतं, त्याला कोणताही दवाखाना रुग्णाच्या खाटेजवळ उभं करत नाही. यादी देशभर एकच, आणि तिच्यातून नाव काढायची सोय कोणी केलेली नाही.

आणि खरं सांगायचं तर, मंदाच्या मनातही शंकेचा काटा होताच. ज्या पेटीला दवाखान्यातला आठवडा कळला, तिला हे नसेल कळलं? ती कांचनच्या गुडघ्याकडे पाहत राहिली. खपली निघाली होती आणि खाली गुलाबी कातडी दिसत होती.

"बॅग ठेव खाली," मंदा म्हणाली.

"आई—"

"खाली ठेव म्हणते ना. जे झालंच नाई त्याच्यावर तुहं नाव लिहायचं? मंग उद्या ते म्हणतीन गाव आमीच पेटवलं होतं. तेबी लिहायचं का?"

तिने फेरतपासणी मागितली. ती मिळायला तालुक्याला चकरा मारल्या, दोनदा उपोषणाची धमकी दिली, एकदा प्राधिकरणाच्या साहेबाच्या गाडीपुढे उभी राहिली. निखिल म्हणायचा, आईचं डोकं फिरलं. शेजारच्या पार्वता मोहितकर म्हणायच्या, "भैताड झाली बाई. सुनेसाठी कोणी एवढं करते का?" मंदा म्हणायची, "सुनेनं माह्या नवऱ्याचा जीव मांडीवर घेऊन आणला. तुमच्या लेकानं तुमचा पानाचा डब्बाबी पिशवीत घेतला नोयता."

शेवटी, गाव हलून दोन महिने झाल्यावर, नागपूरहून एक इंजिनिअर आली. ऋतुजा खानझोडे तिचं नाव. तिच्याकडची पेटी मोठी होती. तिने मशीन उघडलं, तीनदा वाचलं. आकडा तोच आला, चाळीस.

"सॉरी मावशी," ती म्हणाली. "वलयं खरी आहेत."

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, स्वयंपाकघर काळं झालं. नव्या कोलारीच्या घरांत स्वयंपाकघराला खिडकी ठेवायचं राहून गेलंय, त्यामुळे तिथे दिवसासुद्धा बल्ब लागतो. घरात कोणी जागचं हललं नाही. वासुदेवने फक्त टोपीने वारा घ्यायला सुरुवात केली. ऋतुजाने भिंतीवरच्या बटणांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बटणं बंद नाही करत तुम्ही?"

"काऊन?" मंदाला प्रश्नच कळला नाही. "बटन बंद केलं तर लाईट आली हे कसं कळन? स्वयंपाकघरातला बल्ब लागला की समजायचं, आली. सगळे असंच करतात."

"नेहमी जाते का लाईट?"

कांचन चहा घेऊन आली होती. ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "जाते म्हणजे? ती इथं पाहुणी आहे मॅडम. दिवसातून सात-आठ खेपा येते, पाणी पिते, जाते."

ऋतुजाने कप तसाच खाली ठेवला. "आणि ऑक्सिजन मशीन? ते इथे आल्यावर?"

"त्याचं बटन तर कधीच बंद नाई केलं. धड चालत नोयतं, म्हून दिवसाबी लावून ठेवत होतो. लाईट आली का आपोआप सुरू होये."

ऋतुजाचे ओठ हलू लागले. तापलं, निवलं. तापलं, निवलं. प्रत्येक खेपेला एक वलय. जुन्या कोलारीत एका दिवसाचं एक, आणि इथे एका दिवसाची सात. आठवडाभर खोकणारं मशीन. चाळीस वलयं म्हणजे चाळीस दिवस नव्हतेच. तो नव्या कोलारीतला पहिला आठवडा होता. भेग कमानीखालच्या खड्ड्यातली होती.

तिने हे मोठ्याने सांगितलं तेव्हा निखिल उठून बाहेर गेला. ओट्यावर पाठ करून बसला. वासुदेवने कांचनकडे पाहिलं आणि नळी नाकाशी न धरताच बोलायचा प्रयत्न केला. त्याला खोकला आला. कांचनने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "राहू द्या बाबा. मंग बोला."

"तर मॅडम, लिहा आता," मंदा म्हणाली.

ऋतुजाने पेटीवर बोटं चालवली. पेटीने नकार दिला. तिने पुन्हा लिहिलं, पुन्हा नकार. "पुरवठ्याची नोंद प्राधिकरणाकडून येते, मावशी. त्यात नवी कोलारी, अखंड वीज, असं आहे. एकदाही खंड नाही. मी लिहिलं तरी पेटी त्या नोंदीनुसार ते खोडते."

"अखंड?" कांचन म्हणाली. घरात अंधारच होता.

"केंद्रातून वीज सोडली की ते पुरवठा झाला असं धरतात. तुमच्यापर्यंत पोचली का, ते कोणी मोजत नाही."

मंदा उठली. स्वयंपाकघरात गेली, मोरीजवळचं स्टूल ओढलं, वर चढली आणि बल्ब काढला. प्राधिकरणानेच दिलेला बल्ब तो. उद्घाटनाच्या दिवशी प्रत्येक घराला एक, सीलबंद खोक्यात, खोक्यावर साहेबाचा फोटो.

"याच्या पोटातबी थेंब असतीन ना?"

ऋतुजाने पेटी बल्बला लावली. आकडा आला. ती खुर्चीवर मागे रेलली आणि तोंडावर हात ठेवून हसू दाबायला लागली. "हा बल्ब सव्वा वर्ष वापरलेला आहे, असं म्हणते पेटी."

"दोन महिन्यांच्या घरात?"

"दोन महिन्यांच्या घरात."

पार्वताबाईंचा बल्ब काढला. सव्वा वर्ष. पलीकडचा काढला, थोडा जास्त. पार्वताबाईंनी पेटीला हात जोडले. "खरं बोलते बाई ही. खोटे इचारणारे आहेत."

निघताना ऋतुजा चपला घालत खालच्या आवाजात म्हणाली, "मी काही लिहू शकत नाही. पण सुनावणीत ही पेटी टेबलावर ठेवावीच लागते, नियम आहे. तिच्यासमोर कोणी काही ठेवलं तर ती वाचणारच. मी तिला थांबवू शकणार नाही." मग जरा थांबून, "थांबवणारही नाही."

सुनावणी प्राधिकरणाच्या थंडगार हॉलमध्ये होती. तिथली लाईट जात नाही. साहेब टेबलामागे, पेटी टेबलावर, ऋतुजा कोपऱ्यात. उरकुडे घरचे चौघं आले होते, वासुदेव सिलिंडरसह. त्यांच्या मागून पार्वताबाई आल्या, त्यांच्या मागून नव्या कोलारीतल्या निम्म्या बाया. प्रत्येकीच्या पदरात काहीतरी गुंडाळलेलं.

"इतके लोक कशाला?" साहेब म्हणाले. "एका मशीनचा विषय आहे."

"एकाच मशीनचा आहे साहेब," मंदा म्हणाली. "हे सगळे त्याचे सोयरे."

तिने पदरातला बल्ब काढून पेटीपुढे ठेवला. पेटी सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "वापर सव्वा वर्ष." दुसरा ठेवला. तिसरा कांचनने ठेवला. टेबल भरलं तेव्हा बाया बल्ब साहेबांच्या फायलींवर ठेवू लागल्या, मग त्यांच्या चहाच्या बशीत. पेटी थांबत नव्हती. सव्वा वर्ष. सव्वा वर्ष. सव्वा वर्ष.

"बंद करा ते!" साहेब ओरडले. ऋतुजा जागची हलली नाही.

साहेब हुशार होते. त्यांना सगळं कळलं, आणि आपल्याला कळलंय हे कोणाला दिसू नये एवढंही कळलं. त्यांचा आवाज एकदम घरगुती झाला. "हे बघा ताई, पेशंट माणूस आहे. आपण विशेष बाब म्हणून नवीन मशीन देऊ. आजच. फक्त तुमचा दावा मागे घेतला एवढी सही करा. नाव नको, निष्काळजीपणा नको, काही नको. विषय संपला."

निखिलने बापाकडे पाहिलं. सिलिंडरचा काटा खाली आला होता, ते चौघांनाही दिसत होतं. कांचन मंदाच्या कानाशी म्हणाली, "घ्या आई. करा सही."

मंदाने सही केली असती तर तिला कोणी नाव ठेवलं नसतं. तिचा हात पुढे झालाही होता. पण दावा मागे घेतला म्हणजे दावा खोटा होता, हे तिला न शिकवता कळत होतं. आणि दावा खोटा म्हणजे कांचन खोटी, नाव लिहा न लिहा. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

वासुदेवने नळी नाकाशी धरली, घुटका घेतला, आणि खुर्चीत नीट सरळ बसला. "मी बसतो," तो म्हणाला. "हवा आहे आजून. तू इचार त्याले."

मंदाने पेन टेबलावर परत ठेवलं.

"मशीन तर आमी घेऊन जाऊच साहेब. ते आमच्या हक्काचं आहे, तुमची मेहेरबानी नाई. पण आधी एक सांगा. तुमी लिहिलं का नव्या कोलारीत लाईट एक डाव गेली नाई. बरं. लाईट गेली नसन तर हे बल्ब सव्वा वर्षाचे कसे? दोन महिन्यांमागे तुमीच वाटले, सीलबंद, वर तुमचाच फोटो. म्हणजे लोकाचे वापरून टाकलेले बल्ब तुमी आमाले नवे म्हून दिले. आणि बल्ब नवे होते म्हणत असान, तर मंग लाईट दिवसातून सात डाव गेली, तुमची नोंद खोटी, आणि माही सून खरी. माह्या सुनेले तुमी याच पेटीच्या तोंडानं खोटारडी म्हटलं, आता याच पेटीपुढं बोला. मी जागची हलत नाई, ह्या बायाबी हलत नाई. सांगा, लाईट होती का नोयती?"